‘घरीच तर बसली होती’ या वाक्याबद्दल

अठराव्या शतकात अमेरिकेत केंटकीच्या जंगलात वस्ती उभारणारा शिकारी डॅनियल बून, त्याची बायको रिबेका, तिच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी गोषवारा देते. डॅनियल बूनची जन्मतारीख चुकली आहे, मुलं नऊ नव्हती, दहा होती, शॉनी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीबद्दल लेखात काहीच नाही, आणि शेवटी हे वाक्य: ‘बून जिवावर उदार होऊन जंगलं तुडवत होता, बायको घरीच तर बसली होती, चूल सांभाळणाऱ्या बाईला पायोनियर म्हणून डोक्यावर घ्यायची ही नवी फॅशन आहे.’

मुलांच्या संख्येबद्दल तुमचं बरोबर आहे. १७७५ मध्ये जन्मलेला विल्यम तान्हेपणीच गेला, त्याला मी मोजलं नव्हतं. मोजायला हवं होतं. त्याच्या आईनं नक्कीच मोजलं असणार. लेखात दुरुस्ती केली आहे. जन्मतारखेचं मात्र तसं नाही. २२ ऑक्टोबर १७३४ ही जुन्या कॅलेंडरची तारीख आहे. इंग्लंडनं आणि त्याच्या वसाहतींनी १७५२ मध्ये ११ दिवस गाळले, त्या हिशोबानं ती २ नोव्हेंबर होते. दोन्ही तारखा छापल्या जातात. ‘साधं गूगल तरी करायचं’ असं लिहिण्याआधी हे तुम्हालाही बघता आलं असतं.

आता त्या वाक्याकडं वळते. मतभेद असायला माझी हरकत नाही. पण ‘चूल सांभाळणारी बाई’ हे शब्द ज्या सुरात आले आहेत, तो सूर मला खटकला, आणि खटकला हे मी लपवणार नाही. टोपणनावानं लिहिताना माणसाची जीभ सैल सुटते. समोर बसून बोलत असतो तर हे वाक्य तुम्ही असं उच्चारलं नसतं.

‘घरी’ म्हणजे कुठल्या घरी? १४ ऑगस्ट १७५६ ला लग्न झालं तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातल्या यॅडकिन नदीचं खोरं. मग चेरोकी या मूळ रहिवाशांशी लढाई पेटली म्हणून काही वर्षं व्हर्जिनिया. परत यॅडकिन. १७७३ मध्ये सगळं विकून केंटकीकडं निघाले, तर वाटेत १० ऑक्टोबरला १६ वर्षांचा थोरला मुलगा जेम्स हल्ल्यात मारला गेला आणि सगळे मागं फिरले. दोन वर्षांनी केंटकीतलं बून्सबरो. नंतर बून्स स्टेशन, ओहायो नदीवरचं लाइमस्टोन, आणि १७९९ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर मिसूरी. दर वेळी नव्यानं ओंडके रचून घर उभं करायचं. ओंडक्यांमधल्या फटी लाकडाच्या ढलप्या आणि चिखलानं बुजवायच्या, आणि पाऊस-थंडीनं चिखल गळून पडला की पुन्हा लिंपायच्या. याला तुम्ही घरी बसणं म्हणता.

१ मे १७६९ ला बून केंटकीत शिकारीला गेला तो जवळजवळ दोन वर्षांनी, १७७१ च्या वसंतात परतला. मागं रिबेका होती आणि सहा मुलं, थोरला बारा वर्षांचा. सातवा, डॅनियल मॉर्गन, त्याच डिसेंबरात जन्मला. वारलेल्या दिराचे दोन मुलगेही तिनं लग्नानंतर लगेच पदरात घेतले होते. पुढं माहेरच्या एका विधुर नातलगाची सहा मुलंही तिनंच वाढवली. एवढ्या माणसांच्या अंगावर कपडा कुठून येत होता, याचा तुम्ही विचार केला आहे का? दुकान नव्हतं.

कपडा शेतातून येत होता. आपल्याकडं जवस चटणीला आणि तेलाला, तिथं त्याच झाडाच्या खोडातून लिननचा धागा काढतात. तेलासाठी पेरणी विरळ, म्हणजे फांद्या फुटून बोंडं भरपूर येतात. धाग्यासाठी दाट, म्हणजे झाड फांदी न फोडता सरळ उंच जातं आणि धागा लांब मिळतो. साधारण १०० दिवसांनी खोड खालून पिवळं पडलं की झाड मुळासकट उपटायचं. कापायचं नाही, कापलं की तेवढी लांबी गेली. बोंडं झाडून काढायची आणि पेंढ्या पाण्यात बुडवायच्या, नाहीतर गवतावर दवात पसरायच्या. मेख आहे ती इथं. धाग्याला खोडाशी चिकटवून ठेवणारा डिंक कुजला पाहिजे, धागा कुजता कामा नये. लवकर काढलं तर साल सुटत नाही, उशीर झाला तर धाग्यातला जीव जातो आणि हंगामाची मेहनत पाण्यात. रोज दोन-चार काड्या मोडून बघाव्या लागतात. मग वाळवून लाकडी दाभाडासारख्या यंत्रात खोड मोडायचं, बोथट लाकडी पात्यानं झोडून काटक्या पाडायच्या, आणि लोखंडी दात्यांच्या फणीतून मूठ-मूठ ओढायची. हातात लांब राहतं ते चांगल्या कापडाचं, फणीत अडकतं ते आखूड पोत्यांचं आणि दोराचं. कातताना बोटं सतत ओली ठेवायची, नाहीतर धागा केसाळ होतो. एवढं झाल्यावर कुठं मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढतो. जवसाचा ताणा आणि लोकरीचा बाणा, म्हणजे आडवा धागा, असं ते रोजच्या वापराचं जाड कापड: लिन्सी-वुल्सी.

माझ्या आजोळी हातमाग होता. ताणा भरायला किती वेळ लागतो आणि एका धोट्याला सूत पुरवताना किती चरखे फिरत राहतात, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. म्हणूनच तुमचं ते ‘बसणं’ मला इतकं झोंबलं.

आणि हे झालं जमलेल्या शेतातलं. ८ सप्टेंबर १७७५ ला रिबेका आणि तिची मुलगी जेमायमा बून्सबरोला पोचल्या तेव्हा तिथं ना जवसाची पिकं होती, ना मेंढरांचे कळप. त्या पहिल्या वर्षांत बायकांनी नेटल ही रानवनस्पती वापरली. अंगाला लागली की आग करते ती. हिवाळाभर तिची खोडं रानातच उभी सडू द्यायची, थंडी सरताना गोळा करून धागा काढायचा, हा ताणा; आणि बाण्याला बायसनची लोकर.

खाण्याचंही तेच. मका उखळात कुटायचा. उखळ म्हणजे आत जाळून पोखरलेला बुंधा, आणि मुसळ वाकवलेल्या लवचिक फांदीला टांगलेलं, म्हणजे कुटणाऱ्याला ते फक्त खाली ओढायचं, वर फांदी उचलते. मक्याची साल काढायला राखेचं क्षारपाणी. ओक-हिकरीच्या लाकडाची राख उतरत्या लाकडी पेटीत गवताच्या थरावर भरायची, वरून पावसाचं पाणी ओतायचं, खाली तपकिरी पाणी ठिबकतं. त्यात अंडं टाकून नाण्याएवढं वर राहिलं की कस बरोबर. या पाण्यात मका उकळला की साल सुटते. मग अनेक पाण्यांनी धुवायचा, कमी धुतला तर तोंड पोळतं. त्याच पाण्यात चरबी शिजवून साबण. तो घट्ट होत नाही, कारण राखेतला क्षार पोटॅशचा, त्याचा साबण मऊच राहतो. वडी पाडायला मीठ लागतं, आणि मीठ साबणात घालण्याइतकं स्वस्त नव्हतं.

किती महाग ते सांगते, कारण तुमच्या ‘जंगलं तुडवण्याचा’ या चुलीशी थेट संबंध आहे. मिठाशिवाय मांस टिकत नाही. लोअर ब्लू लिक्सच्या झऱ्याचं ८४० गॅलन पाणी, म्हणजे जवळपास ३,२०० लिटर, आटवलं की एक बुशेल, म्हणजे सुमारे ३५ लिटर मापाचं, मीठ. त्यासाठी जानेवारी १७७८ मध्ये बून सुमारे ३० माणसं घेऊन तिथं गेला, आणि फेब्रुवारीत जवळजवळ सगळा तांडाच शॉनींच्या हाती लागला. तुमच्या नायकाची सगळ्यात गाजलेली कैद स्वयंपाकघराच्या गरजेतून घडली आहे.

रिबेकाला तो मेला असंच वाटलं. ती उरलेली मुलं घेऊन घोड्यांवरून डोंगर ओलांडत नॉर्थ कॅरोलायनाला परतली. जूनमध्ये बून निसटून चार दिवसांत १६० मैल कापत बून्सबरोला आला तेव्हा घर रिकामं होतं. एकटी जेमायमा नवऱ्याबरोबर मागं थांबली होती. १७७९ मध्ये बूनबरोबर रिबेका पुन्हा केंटकीत आली, आणि १७८२ च्या १९ ऑगस्टला त्याच ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा, इस्रायल, गेला.

शॉनींच्या जमिनीचा प्रश्न खरा आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि या लेखाचा तो कधीच नव्हता. १७८७ पर्यंत बूनच्या मालकीची सात गुलाम माणसं होती, हे लेखात आहे, तिसऱ्या परिच्छेदात. शेवटपर्यंत वाचून लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

तुम्ही असंही विचारलं आहे की ‘म्हातारपणी तरी तिनं काय केलं?’ मेपलच्या साखरेचा हंगाम थंडी सरताना येतो, रात्री गोठतं आणि दिवसा ऊन पडतं तेव्हा. खोडाला भोक पाडून रस धरायचा. तो उसाच्या रसापेक्षा कितीतरी पातळ. ४० लिटरचा जेमतेम एक लिटर पाक होतो, आणि साखर हवी तर त्याच्याही पुढं आटवावा लागतो. लोखंडी काहिलींखाली जाळ विझू द्यायचा नाही. उतू येऊ लागला की चरबीचा खडा टाकायचा, आणि शेवटच्या घटकेत नजर हलवायची नाही, कारण तेव्हा तो क्षणात करपतो. १८१३ च्या हंगामात, ७४ व्या वर्षी, रिबेका मिसूरीत हेच काम करत होती. तिथंच ती आजारी पडली, आणि १८ मार्चला वारली.