पावती राहिली बाजूला

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या आणि त्याबद्दल पगार घ्यायचा, असं माझं काम. सासूबाई म्हणतात, आम्ही हे जन्मभर फुकट केलं. चुका काढणाऱ्या बाईशी लोक भांडणारच, हे गृहीत धरून मी या धंद्यात आले. पण आमच्या ऑफिसातले डेव्हलपर माझ्याशी भांडत नाहीत. त्यांना तेवढी सवडच नसते. ते आपसात भांडत असतात.

भांडण पैशावरून नसतं, बढतीवरून नसतं, एसी किती ठेवायचा यावरूनही नसतं (त्यावरून मी भांडते). भांडण असतं अवजारांवरून. कोड कशात लिहायचा, कुठल्या भाषेत लिहायचा, ओळ सुरू करताना किती जागा सोडायची. आणि मुहूर्त नेमका जेवणाच्या सुट्टीचा, माझा डबा उघडा असताना. आमचं ऑफिस कोथरूडला एका मंगल कार्यालयाच्या वर आहे. खाली ‘शुभमंगल सावधान’ चाललेलं असतं आणि वर दोन कमावते, धडधाकट इंजिनिअर आमटीचा चमचा एकमेकांवर रोखून ‘तुझी तर बसायची पद्धतच चुकीची आहे’ म्हणत असतात.

यातला सगळ्यात जुना तंटा विम आणि इमॅक्सचा. दोन्ही एडिटर, म्हणजे मजकूर टाइप करायची साधनं. आमचा विमवाला माउसला हात लावत नाही. कंपनीने दिलेला माउस त्याने वायर गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, सोवळ्यात असल्यासारखा. विमचा पूर्वज ‘व्हीआय’. तो बिल जॉयने बर्कलीला १९७६ मध्ये लिहिला. ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला, त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून विममध्ये कर्सर आजही त्या चार कळांनी हलतो. ते टर्मिनल कधीच भंगारात गेलं. बाणांना स्वतःच्या वेगळ्या कळा मिळाल्या. आमच्या विमवाल्याची बोटं मात्र अजून एडीएम-३ए वरच आहेत. ‘बाणांपर्यंत हात न्यायचा म्हणजे मनगट उचलावं लागतं,’ तो सांगतो. हा माणूस जिममध्ये जातो, हे इथे नमूद करते.

विममधून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर २०१७ पर्यंतच दहा लाखांवर वेळा बघितला गेला होता. आमचा ट्रेनी एकदा सर्व्हरवर त्यात अडकला. काहीही दाबलं तरी स्क्रीनवर नवीन अक्षरं उमटायची. शेवटी त्याने मशीनच बंद केलं. विमवाला शेजारी बसून हे सगळं बघत होता. ‘शिकेल,’ एवढंच म्हणाला.

इमॅक्सवाले सर वयाने मोठे, त्यामुळे ते भांडत नाहीत, खेद व्यक्त करतात. इमॅक्सही १९७६ चाच, एमआयटीतला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी सुरू केलेला. स्टॉलमन पुढे भाषणांमधून झगा घालून, डोक्यामागे जुन्या डिस्कची तबकडी प्रभावळीसारखी लावून ‘चर्च ऑफ इमॅक्स’चे संत म्हणून उभे राहायचे. आमचे सर अजून झग्यापर्यंत पोचलेले नाहीत. पण सकाळी आठला इमॅक्स उघडतात आणि दिवसभर त्यातून बाहेर पडत नाहीत. त्यात मेल आहे, टेट्रिस आहे, शिवाय एक डॉक्टर आहे, जो ‘तुम्हाला काय त्रास होतोय’ असं टाइप करून विचारतो. सर त्याच्याशी आमच्याबद्दल बोलत असावेत असा माझा दाट संशय आहे. इमॅक्समध्ये प्रत्येक गोष्टीला कंट्रोल दाबायचं असतं. सरांच्या डाव्या करंगळीला अधूनमधून क्रेप बँडेज दिसतं. विचारलं तर ‘बागेत काम करताना लागलं’ म्हणतात. सर फ्लॅटमध्ये राहतात.

हे दोघं एका बाजूला येतात ते फक्त ट्रेनीला हसायला. ट्रेनी सगळ्या जगासारखा व्हीएस कोड हा नवा एडिटर वापरतो, बाणांच्या कळा वापरतो, माउससुद्धा वापरतो, आणि संध्याकाळी सहाला घरी जातो. त्याचं काम झालेलं असतं. हा त्याचा मोठाच अपराध.

त्याखालोखाल तंटा टॅब आणि स्पेसचा. ज्यांनी कधी कोड लिहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, ओळ थोडी आत सरकवायची तर टॅबची कळ एकदा दाबायची की स्पेस चारदा, एवढाच प्रश्न आहे. स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं. जे दिसत नाही त्यावरून इतकं भांडण मी आजवर फक्त आमच्याकडे गणपतीत सोवळ्यावरून झालेलं बघितलंय. पायथॉन भाषेची अधिकृत शैली म्हणते चार स्पेस. गो भाषेचं स्वतःचं अवजार न विचारता टॅब घालतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, टॅब, आणि तोही आठ अक्षरं रुंद. म्हणजे तिन्ही ठिकाणी हुशार माणसं बसून तीन वेगळे निर्णय झाले आणि तिन्ही चालतायत. हे मी एकदा बोलून दाखवलं. ‘तू टेस्टर आहेस, तुला नाही कळायचं,’ असं मला दोन्ही पक्षांकडून एकाच सुरात सांगण्यात आलं.

२०१७ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने आपल्या सर्वेक्षणातून असं काढलं, की स्पेस वापरणाऱ्या डेव्हलपरांचा पगार टॅबवाल्यांपेक्षा जास्त आहे. कारण काय, ते कुणाला नीट सांगता आलं नाही. आमचा अँग्युलरवाला (अँग्युलर म्हणजे ब्राउझरमधले स्क्रीन बनवायचं अवजार) कट्टर टॅबवाला. पण अप्रेझलच्या आदल्या आठवड्यात त्याच्या फायली उघडल्या, तर पानोपान स्पेस. मी काही बोलले नाही. माझंही अप्रेझल होतं.

आता मूळ दुखण्याकडे येते. आमचं एक गिऱ्हाईक आहे, सातारा भागातली एक पतसंस्था. त्यांचं सगळं काम अजून फॉक्सप्रोवर, म्हणजे माहिती साठवायच्या एका जुन्या प्रणालीवर चालतं. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची. पुढची निघणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच सांगून टाकलं आणि २०१५ च्या जानेवारीत उरलासुरला आधारही काढून घेतला. पतसंस्थेला यातलं कुणी कळवलं नसावं. निळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, खातेनंबर टाकायचा, एंटर, रक्कम टाकायची, एंटर, एफ फाइव्ह, की पावती बाहेर. रोखपाल हे सगळं स्क्रीनकडे न बघता, समोरच्या पिग्मी एजंटशी पावसापाण्याचं बोलत बोलत करतात. मी प्रत्यक्ष बघून आलेय. वेगाच्या बाबतीत आमचा विमवाला त्यांच्यापुढे हमाली करताना दिसेल.

तर हे सगळं ब्राउझरमध्ये आणायचं होतं. कशात? इथून रिअ‍ॅक्ट विरुद्ध अँग्युलर सुरू झालं; दोन्ही अवजारं एकाच कामाची. रिअ‍ॅक्टवाला म्हणाला, अँग्युलरवर विश्वास कसा ठेवायचा? २०१० चं एक, आणि २०१६ मध्ये जे ‘दोन’ आणलं त्यात नाव तेवढं जुनं ठेवून बाकी सगळं नवं; जुना कोड लिहिणारे बसले बोंबलत. अँग्युलरवाला म्हणाला, आणि तुमचं काय? २०१९ मध्ये हुक्स नावाची नवी पद्धत आणली आणि आदल्या दिवसापर्यंत लिहिलेले क्लास एका रात्रीत जुनाट ठरवले. शिवाय रिअ‍ॅक्ट म्हणजे नुसता दिखाव्याचा भाग, बाकीचं सामान गावभरातून गोळा करायचं. २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचा अकरा ओळींचा तुकडा एका माणसाने रागावून काढून घेतला, तर जगभरातले प्रकल्प बिल्ड होईनात, विसरलास का? अकरा ओळी! अक्षरांच्या डाव्या बाजूला रिकामी जागा भरणाऱ्या! (इथे स्पेसवाल्याने मान वर केली.) सर खेदाने म्हणाले, लिस्पमध्ये (ही इमॅक्सची भाषा) हा प्रश्नच उद्भवला नसता. लिस्पमध्ये पतसंस्था चालवणारं कुणी आहे का, हे मी विचारलं नाही.

बोर्डावर दोन रकाने आखले गेले. गुण, दोष. दोषांचा रकाना भरून खाली भिंतीवर उतरला. मालक अधूनमधून डोकावून ‘ठरलं का रे?’ विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जायचे. ते मूळचे कॉमर्सचे, त्यामुळे त्यांना या विषयात लवकर थकवा येतो. मध्ये एकदा रोखपालांचा फोन आला. ‘मॅडम, ते नवीन कधी येतंय? चेअरमन विचारत होते.’ म्हटलं, भाऊ, चर्चा चालू आहे. ‘अजून? आमच्या वार्षिक सभेत पण एवढी होत नाही,’ ते म्हणाले.

निर्णय शेवटी असा झाला, की ट्रेनीला या वादात कुणी बोलावलंच नव्हतं. त्याला वाटलं काम सुरू झालंय. त्याने रिअ‍ॅक्टमध्ये निम्मे स्क्रीन करून टाकले. अँग्युलरवाल्याने चार दिवस अबोला धरला.

मग मला बग सापडला. सव्वा लाखाची ठेव पावतीवर १२५,००० अशी छापली जात होती. स्वल्पविराम विलायती. आपल्याकडे १,२५,००० लिहितात हे पोरालाही कळतं, आणि पावतीवरचा स्वल्पविराम हलला की खातेदाराचा विश्वास हलतो. मी रीतसर नोंद केली. रिअ‍ॅक्टवाला म्हणाला, हे रिअ‍ॅक्टचं नाही, ब्राउझरचं आहे. अँग्युलरवाल्याचा अबोला तिथेच सुटला: अँग्युलरमध्ये यासाठी तयार पाइप, म्हणजे आकडे हवे तसे दाखवायची सोय, आहे, एका ओळीचं काम होतं, मी आधीच सांगत होतो. विमवाल्याने नोंदीत काय लिहिलंय ते न वाचता तिथल्या कोडमधला इंडेंट (ओळीआधी सोडलेली जागा) चुकलाय असं सांगितलं. या गडबडीत ट्रेनीने भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी-भारत टाकून दिलं. स्वल्पविराम जागेवर आले, आणि सोबत आकडेही देवनागरी झाले. रोखपाल खूष! ‘मॅडम, लई देखणी पावती आली.’

तासाभराने पुन्हा फोन. पावतीखालची बेरीज छापील मजकुरातूनच उचलली जात होती, आणि जावास्क्रिप्टला देवनागरी आकडा म्हणजे आकडा वाटत नाही. बेरजेच्या जागी ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडाच नाही’) अशी इंग्रजी अक्षरं आली होती. ‘मॅडम, एकूण ठेव नान आलीय,’ रोखपाल म्हणाले. ‘खातेदार समोर उभाय. काय सांगू?’

तेही निस्तरलं. शेवटी डेमोचा दिवस उजाडला. पतसंस्थेत मोठा टीव्ही लावलेला, चेअरमन, संचालक, सगळ्यांसाठी भेळ. रोखपाल नव्या स्क्रीनसमोर बसले. खातेनंबर, एंटर. नाव आलं. रक्कम, एंटर. अक्षरी रक्कम आली, ‘एकोणऐंशी हजार’ अगदी बिनचूक. रोखपालांनी चेअरमनांकडे बघून हसत, स्क्रीनकडे न बघता, एफ फाइव्ह दाबला.

ब्राउझरमध्ये एफ फाइव्ह म्हणजे पान नव्याने उघडणं. सगळं कोरं झालं. त्यांनी पुन्हा भरलं. बोटाने पुन्हा एफ फाइव्ह दाबला. पुन्हा कोरं. एका संचालकांनी भेळेची प्लेट खाली ठेवली.

परतीच्या वाटेवर गाडीत, आमच्या कंपनीच्या इतिहासात कधी नव्हे ते एकमत झालं. रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, इमॅक्स, सगळे म्हणाले, यात आपली काहीच चूक नाही, वापरणाऱ्याने सवय बदलायला हवी. स्क्रीनवर ‘जतन करा’ असं भलंमोठं हिरवं बटण आहे, माउसने दाबा की. मी म्हटलं, त्या माउसपर्यंत हात न्यायला मनगट उचलावं लागतं. मागच्या सीटवर विमवाला एकदम सावरून बसला.

मग सरांनी एक हकिकत सांगितली. बेल लॅबमध्ये १९७६ मध्येच स्टुअर्ट फेल्डमनने ‘मेक’ नावाचं, कोडपासून प्रोग्रॅम तयार करणारं अवजार लिहिलं. त्यात ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो, स्पेस चालत नाही. हे विचित्र आहे हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. पण तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, बहुतेक मित्रच. त्यांचं मोडायला नको म्हणून त्याने तसंच राहू दिलं. त्या डझनभरांसाठी अख्खं जग आजही तिथे टॅब देतंय.

‘म्हणजे एफ फाइव्ह आपण पकडायचा आणि जतन करायचं,’ विमवाला म्हणाला. ‘मी करतो. दहा मिनिटांचं काम आहे.’

‘ब्राउझरची कळ पळवायची?’ रिअ‍ॅक्टवाला म्हणाला. ‘हे तत्त्वात बसत नाही.’

‘अँग्युलरमध्ये...’ अँग्युलरवाल्याने सुरुवात केली.

शिरवळ गेलं, खंबाटकी कधीच मागे पडला होता, कात्रज आलं तरी तत्त्व चालूच होतं. मी बगची नोंद फोनवरूनच टाकली, प्राधान्य सर्वोच्च. नोंदीचं शीर्षक बरोबर नाही, असं एकाने लगेच सुचवलं. तेवढ्यात रोखपालांचा फोन वाजला.

‘मॅडम, पोचलात का? सावकाश ठरवा तुमचं. मी तोवर जुन्यावर पावत्या काढून घेतो, बाहेर लाइन लागलीय.’