इले दोन पानं मांडा

अमळनेरजवळच्या मळ्यातून भरीत पार्टी आटोपून आत्ताच घरी आलो. पोट भरलंय, पण डोकं तापलंय.

कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडजीत ठेचलेली मिरची, कळण्याच्या पुऱ्या, सगळं फक्कड. पंगत बसली आणि आमचे एक मामा माझ्या थोरल्या बहिणीकडे बघून ओरडले, "इले दोन पानं मांडा रे भो!" सगळे हसले. अक्काही हसली. तेच डोक्यात गेलं.

दोन वर्षांपूर्वी हीच अक्का गहू निवडता निवडता ताटावर डुलक्या घ्यायची. एकदा जळगावहून येताना पारोळ्याला उतरायचं, तर जाग आली थेट धुळ्याला. आम्ही हसलोच, मीसुद्धा. रोज सकाळी डोकं दुखायचं, म्हणून दवाखान्यात गेली की दोन मिनिटांत एकच उत्तर: वजन कमी करा. घोरण्याबद्दल कुणी विचारलंच नाही. शेवटी झोपेची तपासणी झाली तेव्हा कळलं, रात्री तिचा श्वास मध्येच थांबतो. गळ्याभोवतीची चरबी श्वासाची वाट अडवते. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, बीपी चढतो, वजन आणखी वाढतं. आणि आपण म्हणणार, जिभेवर ताबा नाही!

बरं, मामा स्वतः काय? हातपाय काडीसारखे, पुढे मटका. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली की धोक्याची खूण मानतात. पोटातली चरबी यकृतात शिरते, मग शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. मामांना शुगर आहेच. पण त्यांच्या पानावर कुणाची नजर नसते.

हो, आपण तेल जास्त ओततो, शेवभाजीवर तवंग लागतोच आपल्याला. मान्य. पण वजन उतरवायला लागलं की शरीरच उलटं भांडतं, भूक वाढवतं, ऊर्जेचा खर्च कमी करतं, हे टोमणे मारणाऱ्याला कोण सांगणार? अक्काने सहा महिन्यांत सहा किलो उतरवलेत, पहाटे थंडीत कानाला स्कार्फ बांधून चालून. बीपी उतरलाय, गुडघे कमी कुरकुरतात. ते सहा किलो आज पंगतीत कुणालाच दिसले नाहीत.

मीही काही बोललो नाही मामांना. वयाने मोठे ना.

अक्काने अर्धीच पुरी खाल्ली. निघताना डब्यात भरीत भरून घेतलं. मी म्हटलं, इथेच खा ना गरम गरम.

"घर जाईसन खासू मी. आठे नको."