न्यूट्रलमध्ये उतरलेला बोरघाट

शनिवारी मामाने फॅमिली ग्रुपवर ढकललेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल: ‘घाट उतरताना गाडी न्यूट्रल करा, गुरुत्वाकर्षण फुकट काम करतं, पेट्रोल वाचतं. जुन्या वळणाच्या घाटात अंतर जास्त, म्हणून फायदाही जास्त. सपाट रस्त्यावर मात्र हेच गुरुत्वाकर्षण भरलेली गाडी मागे खेचतं.’ एरवी सोडून दिलं असतं. पण रविवारी मामा बोरघाट तसाच उतरला, मागच्या सीटवर आजी. खोपोलीत चहाला थांबलो तर पुढच्या चाकांतून जळका वास, हात जवळ नेववत नव्हता.

गुरुत्वाकर्षण काम करतं, कबूल. किती, ते मोजा की! माणसांसकट गाडी १२०० किलो, खंडाळा ते खोपोली उंचीतला फरक ढोबळमानाने ५०० मीटर. १२०० × ९.८ × ५०० म्हणजे ५८ लाख ८० हजार ज्यूल. कशानेच अडवलं नाही तर पायथ्याशी गाडीचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर जाईल. ३० अंशांचं वीस लिटर पाणी उकळीला आणायला एवढीच उष्णता लागते. थोडी हवा आणि टायर खातात. गिअरमध्ये असताना बराच भार इंजिन घेतं. न्यूट्रल केलंत की उरलेलं सगळं ब्रेकच्या माथी. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल पोकळ जातं, आणि ते कळतं नेमकं वळणावर.

अंतराचं म्हणाल तर हिशेबात फक्त उंची आहे. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकून जुन्या रस्त्याने या नाहीतर एक्स्प्रेसवेने, गुरुत्वाकर्षणाचं काम तेवढंच. लांब रस्त्यावर टायर जास्त घासतात, एवढंच.

सपाट रस्त्याचं उत्तर बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात, ‘कार्य आणि ऊर्जा’ धड्यात आहे. बल आणि विस्थापन काटकोनात असतील तर कार्य शून्य. गुरुत्वाकर्षण खाली ओढतं, गाडी आडवी जाते. भरलेली गाडी जड जाते हे खरं, पण ते टायरच्या घर्षणामुळे.

‘पेट्रोल तरी वाचलं ना?’ इति मामा. नाही वाचलं. आजकालच्या इंजेक्शनवाल्या गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल संगणक मोजून सोडतो, गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की, इंजिनाचे फेरे पुरेसे असेपर्यंत, पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. इंजेक्शनच्या आधीच्या, कार्ब्युरेटरच्या जमान्यात थोडंफार वाचत असेल, मान्य.

मामाची गाडी २०१९ची आहे.