ओल्ड मंक जनरल डायरची नव्हे

बेळगाव-खानापूरकडच्या आम्हा माजी सैनिकांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘ओल्ड मंक ही जालियनवाला बागेतल्या जनरल डायरच्या कंपनीची रम. उधमसिंगांनी लंडनला मारला तोच हा मालक. कँटीनमधल्या बाटलीचा पैसा आजही इंग्रजांना जातो, बहिष्कार घाला.’ मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात हे वाचून माणूस पेटणारच. मीही पेटलो होतो.

पहिली गोष्ट, कारखाना कुणाचा? हिमाचलातल्या कसौलीत 1855 च्या सुमारास बिअरची भट्टी घातली ती एडवर्ड डायरनं. हा जनरलचा बाप, एवढं खरं. मुलगा रेजिनाल्ड 1864 मध्ये जन्मला आणि मोठा होऊन फौजेत गेला.

मालकीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण घोटाळा तिथंच आहे. 1887 मध्ये एच. जी. मीकिन यानं एडवर्डकडून सिमला आणि कसौलीचे कारखाने विकत घेतले. आपल्या पुण्याजवळच्या खडकीतही त्याची ब्रुअरी होती. पहिल्या महायुद्धानंतर दोघांचे धंदे एकत्र आले आणि ‘डायर मीकिन’ हे नाव पडलं. स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये, नरेंद्रनाथ मोहन यांनी पैसा उभा केला, लंडन गाठलं आणि कंपनीतला मोठा हिस्सा विकत घेतला. साठच्या दशकात नावातला डायर गेला, ‘मोहन मीकिन’ झालं. पुढं ती बरीच वर्षं सांभाळली ब्रिगेडियर कपिल मोहन यांनी. ते आपल्यासारखेच निवृत्त फौजी, 2018 मध्ये वारले. पैसा इंग्रजांना जातो म्हणणाऱ्यानं हे वाचावं.

राहिली रम. ती उसाच्या मळीची, हे चिकोडी-अथणीकडच्या माणसाला सांगायला नको. ओल्ड मंक बाजारात आली 1954 मध्ये, मोहन मालक असताना.

उधमसिंगांबद्दलची चूक मला सगळ्यांत जास्त लागली. 13 मार्च 1940 ला त्यांनी गोळी घातली ती मायकेल ओडवायरला, म्हणजे हत्याकांडाच्या वेळच्या पंजाबच्या लेफ्टनंट गव्हर्नरला. हुतात्म्यानं कुणाला मारलं एवढं तरी फौजीच्या ग्रुपवर नीट लिहिलं जावं. जनरल डायर त्याआधीच, 1927 मध्ये, इंग्लंडात आजारानं मेला. त्याच्यावर खटलासुद्धा चालला नाही. उलट तिथल्या एका वर्तमानपत्रानं त्याच्यासाठी वर्गणी काढली आणि 26,000 पौंडांहून जास्त रक्कम जमली.