रॉकेल चोळून वायपर नवा होत नाही

मे महिना संपत आला की वायपरचा तो संदेश दरवर्षी फिरायला लागतो. यंदा मला तो चार ग्रुपवरून आला. त्याचं सार असं: वायपरचं रबर खराब होतच नाही, नवीन ब्लेड म्हणजे पैसे काढायचे धंदे. जुन्या रबराला रॉकेल चोळा, बारीक पॉलिश पेपर मारा, पाण्याच्या टाकीत कपड्यांची पावडर घाला, काचेला पाणी न धरणारं कोटिंग करून घ्या, गाडी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर इंचभर मोठं ब्लेड बसवा आणि उन्हात वायपर उभे करून ठेवा. पाच वर्षं बघायला नको.

मी दर पावसाळ्यात फोर बाय फोर घेऊन घाटात जातो. यातला एक सल्ला अर्धा बरोबर आहे. बाकीचे चुकीचे किंवा घाटात निरुपयोगी आहेत, आणि काही तर जिवावर बेतणारे.

पॉलिश पेपरपासून सुरुवात करतो, कारण तो मी स्वतः मारला होता. ब्लेड काढून त्याची कड उजेडात धरा. काचेला टेकणारा रबराचा ओठ एक मिलिमीटरभरसुद्धा जाड नसतो. त्याचा कोपरा काटकोनात कापलेला असतो आणि पाणी ओढण्याचं सगळं काम तो कोपराच करतो. वायपर एका बाजूला जाताना हा ओठ कलतो आणि परत फिरताना दुसऱ्या बाजूला पलटतो. वळताना जो हलका ‘टक्’ आवाज येतो, तो त्याचाच. पुष्कळ ब्लेडना वरून ग्रॅफाइटचा काळा लेप असतो, त्यामुळे रबर काचेवर अडखळत नाही. पॉलिश पेपर हा लेप खरवडतो आणि कोपरा गोल करतो. गोल झालेली कड पाणी ओढत नाही, पसरवते. सोबत मळही निघतो म्हणून पहिली काही मिनिटं काच स्वच्छ दिसते, आणि तेवढ्यावरच लोक ‘करून बघितलं, चालतं’ असं लिहितात. माझंही तसंच झालं. दुपारी घरासमोर पाणी मारून बघितलं तेव्हा सगळं उत्तम होतं. रात्री ताम्हिणीत समोरून ट्रक आला आणि त्याच्या दिव्यांत माझी अख्खी काच दुधाळ झाली. ताशी ४० च्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते. त्या दोन-तीन सेकंदांत मला रस्त्याची कड दिसत नव्हती.

आता रॉकेल. त्याने रबर काळंभोर आणि मऊ दिसतं हे खरं आहे, पण तो मऊपणा सुजेचा असतो. नैसर्गिक रबर पेट्रोलियम पदार्थ शोषून फुगतं, मग त्याची कड सरळ राहत नाही, लहरी येतात. डिझेल, इंजिन ऑइल, टायरचं पॉलिश, सगळ्यांची तीच गत. शिवाय तो तेलकट थर काचेवर उतरतो आणि पहिल्या सरीत इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसायला लागतात. करायचं ते साधं आहे: ओलं फडकं घ्यायचं, रबराची कड चिमटीत धरायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढायची. फडक्यावरचा काळेपणा कमी झाला की थांबायचं. काचही नीट धुवायची. घाटात ट्रकांच्या धुराचा चिकट थर काचेवर बसतो आणि शिव्या वायपरला बसतात. एवढं करूनही रेघा तशाच राहिल्या तर ती कड संपली. कड साफ करता येते, दुरुस्त करता येत नाही.

कपड्यांच्या पावडरीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फेस होतो, सुकल्यावर पांढरा थर राहतो आणि फवाऱ्याची बारीक भोकं बुजतात. बोअरचं जड पाणीसुद्धा हेच करतं. टाकीत फिल्टरचं पाणी घाला, नाहीतर दुकानात मिळणारं वॉशरचं लिक्विड.

कोटिंग वाईट नाही, पण ते कुठे उपयोगी पडतं हे तो संदेश सांगत नाही. कोटिंगवर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब होतात. एक्सप्रेसवेवर वाऱ्याच्या जोराने ते थेंब वर पळतात आणि काच मोकळी होते. आंबोलीत, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे गाडी ताशी २५-३० ने चढते. एवढ्या वेगात थेंब जागचे हलत नाहीत, आणि समोरच्या दिव्यात प्रत्येक थेंब चमकतो. कोटिंग ठिकठिकाणी झिजलं की त्यावर वायपर उड्या मारतो, ते वेगळंच. वायपर बंद पडला तर जुने ट्रकवाले काचेवर ओली तंबाखू चोळतात. त्यामागचा विचार कोटिंगच्या अगदी उलट आहे: थेंब न होता पाण्याचा पातळ पडदा पसरतो आणि थोडा वेळ दिसतं. पुढच्या टपरीपर्यंत पोचण्यापुरता हा उपाय ठीक. एरवी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०१ चालू स्थितीतला वायपर मागतोच.

मोठं ब्लेड तर मुळीच नको. थार किंवा गुरखासारख्या गाडीची काच उभी, जवळजवळ सपाट आणि कमी उंचीची असते. तिथे इंचभर वाढवलं तर दोन ब्लेड एकमेकांना घासतात, नाहीतर टोक काचेच्या कडेवर आदळतं. आर्मच्या, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्याच्या, स्प्रिंगचा दाबही जास्त लांबीवर वाटला जातो, म्हणजे ब्लेड काचेला नीट दाबलं जात नाही. दोन्ही बाजूंची मापं बऱ्याचदा वेगळी असतात. ती गाडीच्या पुस्तकात बघा किंवा जुन्या ब्लेडला टेप लावून घ्या. सपाट काचेवर लोखंडी फ्रेमचं साधं ब्लेड चांगलं काम करतं. बिनफ्रेमचं बाकदार ब्लेड (दुकानात त्याला ‘फ्लॅट’ म्हणतात) घ्यायचंच असेल तर दोन्ही टोकं काचेला टेकतात का ते बघून घ्या.

अर्धा बरोबर सल्ला उभ्या वायपरचा. गाडी महिनाभर एका जागी राहणार असेल तर रबर दबून एका बाजूला वाकडंच राहतं, तेव्हा वायपर उभा केलेला चांगला. पण रोजच्या पार्किंगमध्ये, विशेषतः माकडं असतील तिथे, नको.

फोर बाय फोरवाल्यांना सांगायला हवं होतं ते त्या संदेशात नाहीच. वायपरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सुका चिखल. कोकणातली तांबडी माती काचेवर असताना वायपर फिरवला की ब्लेड आणि काच दोन्ही जातात, आणि काचेवरचे ते अर्धगोल ओरखडे कायमचे राहतात. आधी बाटलीभर पाणी ओता, मग वायपर लावा. बॉनेट आणि काच यांच्यामधला पालापाचोळा काढा, तो लिंकेजमध्ये, म्हणजे वायपर फिरवणाऱ्या दांड्यांमध्ये, अडकतो. करवंदीच्या जाळीतून गाडी काढली असेल तर आर्म पिळलाय का बघा. पिळलेल्या आर्मवर नवं ब्लेडही थरथरतं आणि लोक दुकानदाराशी भांडतात.

पैसे वाचवायचे असतील तर फ्रेमच्या ब्लेडमधली नुसती रबर पट्टी बदलता येते. स्पेअरच्या दुकानात रिफिल मागा. फ्रेम वाकलेली नसेल तर पुरेसं आहे. मी मेअखेर बदलतो, कारण मार्च ते मे या उन्हातच रबर कडक होतं. बदलताना आर्म उभा करायचा, हुकाजवळची खिट्टी दाबायची आणि ब्लेड आर्मच्या बुडाकडे सरकवून काढायचं. त्याआधी काचेवर दुमडलेला टॉवेल ठेवा. ब्लेडशिवायचा आर्म सटकून खाली आला तर लोखंड सरळ काचेवर आपटतं.