ब्रेकवर तेल मारायला सांगणाऱ्यांना

कुणाच्या गाडीचे ब्रेक वाजायला लागले की एक ठरलेला सल्ला हजर होतो. व्हॉट्सॲपवर तो लिहून येतो, पार्किंगमध्ये तोंडी मिळतो. थोडक्यात असा: ब्रेक वाजले म्हणजे पॅड संपले. तोपर्यंत डिस्कवर गंज सोडवायचा स्प्रे नाहीतर चार थेंब तेल मारा. पॅड काढून पॉलिश पेपरवर घासा. कायमचा उपाय हवा तर सिरॅमिक पॅड टाका. आणि आवाज बंद झाला की विषय संपला.

क्रम बदलून सुरुवात तेलापासून करतो, कारण बाकीच्या चुकांत पैसे जातात, या चुकीत जीव जाऊ शकतो.

पॅड डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, घर्षणाने गाडीच्या वेगाची उष्णता होते आणि गाडी थांबते. ब्रेकचं सगळं काम एवढ्यावर चालतं. तिथे तेल सोडलं की आवाज थांबतो हे खरंच आहे. घासणंच कमी झालं तर वाजणार काय? पण पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, सच्छिद्र असतो, तो तेल पिऊन बसतो. वरून फडक्याने पुसलं तरी आतलं राहतं आणि पॅड तापला की परत वर येतं. त्यात दोन चाकांना सारखं तेल थोडंच लागतं? ज्या बाजूला कमी लागलं, त्या बाजूला गाडी ब्रेक दाबताच ओढते. असे पॅड धुऊन परत बसवू नयेत. डिस्क ब्रेक क्लीनरने साफ होते, पॅड मात्र त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलावेच लागतात.

हा सल्ला निघाला कुठून, याचा मला अंदाज आहे. मेकॅनिक ब्रेकचं काम करताना हातात ग्रीस घेतो, ते लोक बघतात. पण तो लावतो कुठे ते बघत नाहीत. पॅडच्या पाठीला, पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथे, आणि कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या चिमट्याच्या, गाईड पिनांना; याच पिनांवर कॅलिपर सरकतो. डिस्कला लागणाऱ्या तोंडाला कधीच नाही. शिवाय ते ग्रीसही साधं नसतं. पेट्रोलियमवालं ग्रीस पिनांवरच्या रबराला फुगवतं, म्हणून तिथे सिलिकॉनचं किंवा खास ब्रेकसाठीचं, उष्णता सोसणारं ग्रीस लागतं.

आता ‘वाजले म्हणजे पॅड संपले’. हे अर्धं खरं आहे. बऱ्याच पॅडना स्टीलची एक छोटी पत्ती असते. मसाला साधारण 2–3 मिलिमीटर उरला की ती डिस्कला घासते आणि चिरका आवाज काढते. तो मुद्दाम ठेवलेला इशारा आहे, तो ऐकून पॅड बदलायचे. पण कोरे, 10–12 मिलिमीटर जाडीचे पॅडसुद्धा चिरकतात. पॅड आणि डिस्क यांच्यातली पकड क्षणात धरते, क्षणात सुटते, त्यातून कंप उठतो आणि पॅड, कॅलिपर, डिस्क सगळंच त्यात थरथरतं. सारंगीची तार गजाखाली वाजते तसंच. पॅडच्या पाठीमागचा पातळ पत्रा, म्हणजे शिम, हाच कंप मारण्यासाठी असतो. नवे पॅड टाकताना जुना शिम फेकला आणि नवा बसवलाच नाही, की महिनाभरात गाडी परत त्याच तक्रारीसाठी दारात.

म्हणून आवाज किती मोठा, यापेक्षा तो कधी येतो ते सांगा. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर आली आणि गेली, तर तो डिस्कच्या बिडावर चढलेला गंज आहे. त्याला काहीही करू नका. ब्रेक न दाबताही पत्रा खरवडल्यासारखं सतत किंचाळत असेल, तर डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला असण्याची शक्यता मोठी. कधीकधी थोडं रिव्हर्स घेतल्यावर तो पडूनही जातो. पुढे जाताना आणि रिव्हर्स घेताना पहिल्या ब्रेकला एकदाच ‘टक्’ होत असेल, तर पॅड खाचेत ढिला आहे, त्याला तिथे धरून ठेवणाऱ्या क्लिपा बघा. आणि ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्याचा घरघराट आला तर गाडी चालवत गॅरेजलाही नेऊ नका. मसाला संपून पॅडची लोखंडी पाठ डिस्कला कापतेय.

पॉलिश पेपरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पॅडच्या तोंडावर काचेसारखी चकाकी आली असेल तर हलकं घासून थोडे दिवस निभावतं. चकाकी का आली ते मात्र तसंच राहतं. ती धूळ तोंडाने फुंकू नका, एवढं तरी ऐका. सिरॅमिक पॅड सहसा शांत असतात, मान्य. पण जाम पिन, चर पडलेली डिस्क आणि हरवलेली क्लिप यांवर त्यांचा काही इलाज चालत नाही.

राहिला शेवटचा, ‘आवाज नाही तर काळजी नाही’. माझ्या गाडीचे ब्रेक शांत होते. चाकाच्या फटीतून बाहेरचा पॅड दिसायचा, मसाला चांगला सहा-सात मिलिमीटर. एक दिवस उतारावर अचानक घरघर. चाक उतरवलं तर आतल्या पॅडचा मसाला पार संपलेला आणि डिस्कच्या आतल्या तोंडावर बोटाला लागतील असे चर. खालची गाईड पिन गंजून जाम झाली होती. कॅलिपर सरकेना, त्यामुळे सगळा जोर पॅड ढकलणाऱ्या पिस्टनकडच्या, म्हणजे आतल्या पॅडवर. इशारा देणारी पत्ती त्या गाडीत आतल्या पॅडला हवी होती. आधीच्या गॅरेजवाल्याने पॅड उलटसुलट बसवले होते, पत्ती बाहेर. ती वाजणार कशाला?

बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजलं तर माझी त्याच्याही खाली गेलेली, म्हणजे लेथवर घासून घ्यायचीही सोय नाही. दोन्ही डिस्क, चार पॅड, पिना आणि त्यांचे रबर नवे घातले. नंतर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून, पूर्ण न थांबता, दहाएक वेळा बेताचे ब्रेक मारून नवे पॅड डिस्कला घासून नीट बसू दिले. आता चाक उतरलं की मी आधी आतला पॅड बघतो, मग पिना हाताने सरकवून बघतो.