बी-सहा आणि उपम्याची बशी

पुतण्याच्या शाळेत म्हणे कॅन्टीनच्या मावशींचा कट्टा बंद करून तिथे व्हेंडिंग मशीन बसवायचं घाटतंय. त्याच शाळेत मी शिकले. दादाने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "सीलबंद, स्वच्छ, पाकिटावर कॅलरी छापलेल्या. तुमच्या अमेरिकेत हेच असतं ना?" मशीनपेक्षा 'तुमच्या' हा शब्द मला आधी झोंबला.

असतं, दादा. लेकीच्या हायस्कूलमध्ये जिमच्या दाराशी दोन आहेत. नियमही आहेत, २०१०च्या कायद्यातून आलेले आणि २०१४ पासून लागू झालेले. खाऊत २०० कॅलरींपेक्षा जास्त नको, सोडियम २०० मिलिग्रॅमच्या आत, साखर वजनाच्या ३५ टक्क्यांपर्यंतच. वाचून कुणालाही वाटेल, वा! पण कंपन्या काय करतात? चिप्स तेच ठेवायचे, तेल कमी करायचं, अख्ख्या धान्याचं पीठ घालायचं, पाकीट लहान करायचं, की झाले पास. नाव आणि रंग दुकानातलेच. त्यामुळे शाळेत ओळख होते आणि शनिवारी दुकानातून मूळ माल घरी येतो. हायस्कूलच्या पोरांना डाएट सोडाही चालतो, कारण त्यात कॅलरीच नाहीत. पोषणही नाही, पण ते मोजतंय कोण! आणि शाळा सुटून अर्धा तास झाला की नियमही सुटतात, नेमके बँडच्या सरावाच्या वेळी. मशीन काढा असं मात्र कुणी म्हणत नाही. कमिशनमधून बँडचे गणवेश येतात. बँडसाठी पैसे जमवणाऱ्या पालकांच्या बूस्टर क्लबात मीही आहे, आणि तिथे मीही गप्प बसते.

आपल्याकडे तर महाराष्ट्र सरकारने मे २०१७मध्येच शाळांच्या कॅन्टीनमधून जंक फूड हटवायचा आदेश काढला होता. काय द्यावं याच्या यादीत चक्क इडली आणि खिचडी होती. पुढे २०२०च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत असल्या पदार्थांची विक्री बंद केली. निदान कागदावर तरी. एवढं शहाणपण घरात असताना मशीनचं कसलं कौतुक? फ्रान्सने तर २००५मध्ये शाळांमधली मशीनच काढून टाकली. हे मी दादाला कळवलं. त्याचं उत्तर: "तू काय फ्रान्समध्ये राहतेस?"

मावशींच्या उपम्यात किती मीठ असायचं ते देव जाणे. तेलही सुटायचं, खोटं कशाला बोलू. पण पैसे विसरलेल्या पोरीचं नाव त्या वहीत लिहायच्या आणि बशी पुढे सरकवायच्या. कोण दोन दिवस आलं नाही, हेही त्यांना ठाऊक असायचं. माझ्या लेकीने सलग तीन दुपारी चिप्सच खाल्ले, हे त्या मशीनला कळलं तरी ते काय करणार?

पण खरं सांगायचं तर इथल्या पहिल्या वर्षी मला मशीननेच जेवू घातलं. काउंटरवरची मुलगी माझ्याकडून प्रत्येक शब्द दोनदा वदवून घ्यायची, मागे रांग खोळंबायची आणि माझे कान तापायचे. लायब्ररीच्या तळघरातल्या मशीनला माझा उच्चार चालायचा. बी-सहा दाबलं की स्प्रिंग फिरायची आणि पीनट बटरची बिस्किटं धपकन खाली पडायची. कितीतरी रात्री तेच जेवण. हे आईला कधी सांगितलं नाही.

दादाने शेवटी ठेवणीतलं काढलंच: "गेल्या डिसेंबरात कॅन्टीनमध्ये तू काय खाल्लंस, सांगू सगळ्यांना?"

बिस्किटांचा पुडा आणि सीलबंद पाणी. पोट बिघडेल म्हणून. मावशींनी उपम्याची बशी भरली होती, वर लिंबाची फोड. मी नको म्हटल्यावर त्या हसल्या. "पाहुण्यांना बंद पाकिटातलंच बरं," म्हणाल्या, आणि बशीतला उपमा परत पातेल्यात ओतून, ती पुसून, त्यांनी माझी बिस्किटं तिच्यात मांडून दिली.